बत्तीस व्होल्ट

"आधी कपॅसिटर रिकामा कर, मग हात घाल, झटका बसेल!" अण्णा आतल्या दारातूनच ओरडले.

जावयाने हात झटकन मागे घेतला. टेबलावर हवे तेवढे व्होल्ट देणारा एक जुना पॉवर सप्लाय झाकण काढून ठेवला होता. कोणीतरी वापरून विकलेला, पत्र्याला पोचे आलेले, पुढे दोन काटे आणि दोन बटणं. आणि जावई बसला होता तो अण्णांच्या स्टुलावर.

अण्णांचं डोकंच सणकलं. दुकान उभं केलं त्यांनी, एकेक हत्यार जमवलं त्यांनी, आणि हा आला आयत्या बिळावर नागोबा! मुलगी दिली म्हणजे स्टूलही दिलं, असं कुठे लिहिलंय?

"काय झालंय त्याला?" त्यांनी विचारलं. मुलीला विचारलं, जावयाला नाही.

मुलगी शेजारच्या टेबलावर तार गुंडाळून पंख्याची मोटर भरत होती. "बटण कितीही फिरवा अण्णा, काटा बत्तीस व्होल्टवरच. खाली यायचं नावच घेत नाही. सकाळपासून लागलाय हा, पण सापडत नाहीये."

"बारा व्होल्टचा रेडिओ लावला तर धूरच निघेल," जावई म्हणाला. "आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल असं वाटतंय."

"तुला वाटतंय ना? मग झालंच!"

एवढ्यात एक बाई मिक्सर घेऊन आल्या. अण्णा लगबगीने पुढे झाले. बाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. "ते आहेत ना? त्यांच्याच हातात द्यायचाय."

"अहो, मी आहे ना."

"तुम्ही नाही हो आजोबा, ते."

जावई उठला, मिक्सर घेतला, हसून दोन शब्द बोलला. बाई खूश होऊन गेल्या. मत्सर वाईट हे त्यांनाही कळत होतं. पण होत होता, त्याला ते तरी काय करणार? आज गिऱ्हाईक गेलं, उद्या स्टूल जाईल, परवा म्हणतील, अण्णा, तुम्ही आता आराम करा.

"पैज लाव," ते म्हणाले. "बिघाड तुला सापडला तर हे स्टूल तुझं, कायमचं. मी घरात बसतो. मला सापडला तर तू परत ह्याला बूड टेकवायचं नाहीस. आहे हिंमत?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती मोटरीत मान घालून बसली होती.

"चालेल," तो म्हणाला.

मग त्याने ट्रान्झिस्टर उपसून काढला आणि मीटरवर धरला. ट्रान्झिस्टर ठणठणीत होता. अण्णा खो खो हसले, इतके की त्यांना ठसका लागला. "अरे, नाचता येईना अंगण वाकडं! तो बिचारा धडधाकट निघाला की!"

जावयाने ट्रान्झिस्टर परत बसवला. मग बटण तपासलं. तेही चांगलं होतं. तो डोकं खाजवत राहिला.

"आता काय, पत्र्याचा डबा बदलतोस? ऊठ."

अण्णा स्टुलावर बसले. चष्मा पुसला. बोर्डाकडे नुसतेच बघत राहिले. मुलीचं मोटर भरणं थांबलं होतं. जावई भिंतीला टेकून उभा होता. दोघं आपण चुकायची वाट बघताहेत, हे अण्णांना न बघताही कळलं.

"बटण बरं, ट्रान्झिस्टर बरा," ते पुटपुटले. "म्हणजे बाहेर किती व्होल्ट जाताहेत हे ह्या आंधळ्याला दिसतच नाहीये. दिसलं तर कमी करील ना बापडा?"

सप्लाय चालू ठेवून त्यांनी कोरडी लाकडी काडी घेतली आणि एकेक पार्ट हळूच दाबत निघाले. काटा हलेना. कपाळावर घाम आला. एका छोट्या रेझिस्टरवर काडी टेकली आणि काटा धाडकन बारावर आला. काडी उचलली, पुन्हा बत्तीस.

"सापडला चोर! ड्राय सोल्डर, कच्चा टाका. वरून चिकटल्यासारखा दिसतोय, खालून पाय सुटा." त्यांनी सप्लाय बंद केला, कपॅसिटर रिकामा केला, बोर्ड उलटा केला. "कोण गाढवाने इथे हात मारलाय? किती वेळा तापवलंय हे! तांबं सुटायला आलंय!"

जावई मिक्सरची वायर गुंडाळायला लागला.

सोल्डरिंग आयर्नचं टोक दोनदा पायाच्या बाजूलाच टेकलं. मुलीने नकळत स्वतःचा हात पुढे केला आणि मागे घेतला. टाका बसला. सप्लाय चालू केला, बटण फिरवलं. काटा पाचावर गेला, बारावर, विसावर, सांगू तिथे.

"तुमच्यासारखा हात कुणाचा नाही, अण्णा," मुलगी म्हणाली.

"असला नग बऱ्याच दिवसांत आला नव्हता हाताखाली. ह्याला सांग, शीक म्हणावं जरा." जावयाचा पडलेला चेहरा बघून अण्णांना अगदी गार गार वाटलं. "आणि स्टूल?"

"तुमचंच," जावई म्हणाला.

"माझंच!" अण्णा उठले आणि छाती काढून आत आडवं व्हायला गेले. जाताना गुणगुणत होते. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं.

जावयाने सप्लाय बंद करून कपॅसिटर रिकामा केला, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि त्याच रेझिस्टरचा तोच पाय अलगद सोडवून ठेवला.

"उद्या मी कशात अडकू?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"ट्रान्झिस्टरच काढ. झोपून उठले की आजचं काही आठवत नाही त्यांना," ती म्हणाली. "रोज तिथेच हसतात ते."