कोटाची काजं

साहेबांना सकाळचा चहा अंथरुणात लागायचा, आणि रिकामा कप खाली ठेवायला दुसऱ्याचा हात लागायचा. अंगाला घाम फुटायचा तो फक्त पंखा बंद पडला तर.

साहेब म्हणजे कुणी बडा अधिकारी नव्हे. शिवणकाम करणाऱ्या आईचा एकुलता एक मुलगा. कॉम्प्युटरचं शिकलेला आणि हाती आलेली प्रत्येक नोकरी सोडलेला. हे नाव आईनेच ठेवलं होतं, पण कौतुकाने नाही.

"इथे माझी किंमतच नाही कुणाला," तो म्हणायचा. "परदेशात जाऊ दे, मग बघ."

"आधी दाराबाहेरच्या नळापर्यंत जा. बादली भरून आण."

तरी कामाच्या व्हिसाचा खर्च मांडायला बसली ती आईच. लिहिण्यावाचण्याशी तिचं फारसं जमत नसे, म्हणून तिचा हिशेब चिंध्यांचा. कापायच्या टेबलावर तिने तुकडे मांडले. मोठा व्हिसाच्या फीचा, लांब पट्टा तिकिटाचा, चौकोनी तिथल्या खोलीच्या भाड्याचा, टीचभर डॉक्टरी तपासणीचा. जो खर्च भागेल त्याचा तुकडा पिशवीत जायचा.

"एकाच माणसाचं निघतंय," ती म्हणाली. "कापड एकदाच कापता येतं. चुकलं की गेलं."

"आणि नवा फोन? निरोपाची पार्टी?" साहेबांनी दोन रेशमी तुकडे पुढे सरकवले.

आईने ते उचलून फेकले. "निरोप फुकटात देता येतो."

"आई, त्यांना वाईट वाटेल," सून हळूच म्हणाली.

"वाटू दे. वाईट वाटून कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही."

सून इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. अंथरुणाला खिळलेली माणसं तिच्या हाताखाली पुन्हा पाय टाकायला शिकायची. तिचा पगार त्या तुकड्यांवरच जात होता. घरी आली की साहेबांचं परक्या भाषेचं पुस्तक ती मोठ्याने वाची, आणि साहेब ऐकता ऐकता घोरू लागत.

"पुस्तक ह्याचं आणि घसा कोरडा हिचा," आई टाके घालता घालता पुटपुटायची.

फीचा तुकडा काही केल्या उचलला जाईना. तेव्हा आईने काजं करायचं मशीन विकलं. शेजारचा इस्त्रीवाला हळहळला. "मावशी, म्हातारपणाची काठी विकलीत की हो!"

"टेकायला माझे गुडघे आहेत अजून. तू तुझे कोळसे फुंक."

मग तिने साहेबांना विचारलं, "पासपोर्ट कुठे आहे?"

"कपाटात. लग्नानंतर दोघांचे काढले ते तिथेच पडलेत. घे तू." त्याने कूस बदलली. "मला रांगेबिंगेत उभं राहावं लागेल का गं?"

"तुला कुठेही जावं लागणार नाही."

साहेबांना हायसं वाटलं. शाळेच्या प्रवेशापासून लग्नाच्या सुटापर्यंत त्याचं सगळं दुसऱ्यांनीच उभं राहून केलं होतं. हेही होईल.

टेबल रिकामं होत चाललं. एका दुपारी सून दंडाला कापूस चिकटवून घरी आली. साहेबांनी तिच्याकडे पाणी मागितलं.

थंड मुलुखासाठी आईने जाड लोकरीचा कोट कापायला घेतला.

"माप नाही घेतलंस ते?"

"मापं माझ्या डोळ्यांत असतात."

कोट जमत आला. काजं तिने हाताने केली, एकेक टाका दाबून. साहेब वाकून बघत हसला. "काजं चुकीच्या बाजूला घेतलीस की! मशीन गेलं, आता नजरही गेली."

आईने दातांनी दोरा तोडला. "काजांचं मी बघते. तू तोंडाला बटण लाव."

व्हिसाच्या कचेरीतून पाकीट आलं त्या दिवशी साहेबांनी ते उघडायच्या आधीच मित्रांना फोन लावले. "झालं माझं! निघालो!" बोलता बोलताच त्याने खुंटीवरचा कोट ओढला आणि अंगात चढवला. खांद्यात आवळला. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या.

"हे काय शिवलंस, आई?"

आईने कोट त्याच्या अंगावरून उतरवला आणि सुनेच्या खांद्यावर टाकला. सुनेने बटणं लावली. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. मग तिने पाकीट फोडलं. पासपोर्टात तिचा फोटो होता. त्याच्या शेजारी व्हिसा होता आणि परदेशी इस्पितळाचं नेमणुकीचं पत्र होतं.

साहेबांचा फोन अजून कानालाच होता.

"बायकांच्या कोटाला काजं त्याच बाजूला असतात, साहेब," आई म्हणाली, आणि सुई-दोरा त्याच्या हातात दिला. "मशीन मी विकलंय. उद्यापासून गिऱ्हाइकांची काजं तू करायचीस."