लिंडनवरचं नाव

नेवेनाबाईंच्या लाचखोर पोलिसांवरच्या कादंबरीत सगळी नावं मेलेल्यांची होती. बाल्कन डोंगराखालच्या त्या गावात कुणी गेलं की नाव, तारीख आणि कधी फोटोही छापलेला कागद दारावर, खांबावर, झाडावर चिकटवतात, आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. बाई तारखा बघत नसत, नाव तेवढं उचलत. मेलेला माणूस भांडायला येत नाही ना.

काल वाचनालयात त्यांनी नवं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात झाहारी कुनेव नावाचा कारकून इन्स्पेक्टरविरुद्ध साक्ष द्यायला निघतो. गावचा इन्स्पेक्टर पुढ्यातच बसला होता. उठून म्हणाला, "काय लिहिता हो बाई. एक फोटो काढू द्या, आठवण म्हणून."

आज सकाळी दारात एक घामाघूम माणूस उभा. "मी झाहारी कुनेव. उद्या कोर्टात माझी साक्ष आहे, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, तुम्ही तर वारलात," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

त्याची खात्री पटावी म्हणून त्या त्याला पोलीस चौकीसमोरच्या लिंडनच्या झाडापाशी घेऊन गेल्या. कागद जागेवर होता. नावही तेच होतं. तारीख मात्र उद्याची होती.

झाहारी मटकन खाली बसला. त्याला उठवायला वाकताना बाईंनी झाडाला हात टेकला, तो एका नव्या कागदावर पडला आणि चिकटला.

गोंद अजून ओला होता, आणि फोटो कालचा, वाचनालयातला.