मांडीवरचं बाळ
संग्रहालयातली चित्रं सगळ्या जगाला बघता यावीत म्हणून इंटरनेटवर चढवणं, हे माझं काम. 'अनोळखी स्त्री आणि बाळ' या चित्रातली स्त्री म्हणजे माझी आई, हे मी भुवईवरच्या व्रणावरून ओळखलं. लगेच चित्राखाली तिचं नाव टाकलं, बाळाच्या जागी माझं, आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

आईने बघितलं आणि ती उठली. सरळच असलेला पडदा सरळ केला, बंद असलेला गॅस पुन्हा तपासून आली.

"काढून टाक ते."

"अगं, तूच आहेस ना ही?"

"मीच आहे."

"मग झालं तर! काही चुकलं असेल तर तिथे कुणालाही दुरुस्त करता येतं."

ती बसली, परत उठली. "कुणालाही?"

"हो गं, कुणालाही."

"मग सरक."

चष्मा लावून ती माझ्या खुर्चीत बसली. एका बोटाने तिने माझं नाव पुसलं आणि तिथे एक नाव लिहिलं. आमच्या घरात मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

"तू नंतरची," ती म्हणाली. "आता हे कुणी पुसलं, तर मला हाक मार."