रविवारचं तेलपाणी

प्रीतम आणि संचिता कोपरला एकाच सोसायटीत राहायचे आणि दोघांकडेही मोटारसायकल होती. दर रविवारी सकाळी दोघं पार्किंगमध्ये आपापल्या गाडीच्या चेनला तेल द्यायला बसायचे. प्रीतम आठवडाभर त्याचीच वाट बघायचा, पण गप्पा कधी चेन आणि तेलाच्या पुढे गेल्याच नाहीत.

एकदा संचिताने गाडीला ऑटोमॅटिक ऑइलर बसवून आणला. गाडी चालू असताना तोच चेनवर थेंब थेंब तेल सोडायचा.

"सुटले बाबा. आता दर रविवारी हात काळे करायला नकोत," ती म्हणाली.

"बरं केलंस," प्रीतम म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा पडला.

पुढच्या रविवारी तो एकटाच चेन पुसत बसलेला. तेवढ्यात संचिता हेल्मेट घेऊन खाली आली.

"हात धू आणि चल. शहाडच्या पुढे नदीकडे जाऊन चहा पिऊ."

तो बघतच राहिला. "आज? असं अचानक?"

"अचानक कसलं? ऑइलर कशासाठी बसवला वाटतं तुला?

तेल सोडून तू दुसरं काहीतरी बोलशील म्हणून."