सर्जनसाहेबांचा चौथा फटका

सर्जनसाहेबांनी काठी मागे नेली, श्वास रोखला आणि जीव खाऊन फटका मारला. मातीचं ढेकूळ उडालं, टोपी उडाली. बॉल होता तिथेच राहिला.

"तीन," बायको म्हणाली. गुणांचं कार्ड तिच्या हातात होतं.

"तीन कसे? बॉल हललासुद्धा नाही!"

"लागो न लागो, मारला की मोजायचा. खेळच तसा आहे, अहो."

रक्तदाब वाढला म्हणून तिनेच त्यांना गोल्फला आणलं होतं. ती स्वतः दहा वर्षं खेळत होती. साहेबांना वाटलं होतं, त्यात काय एवढं? तीस वर्षं जित्याजागत्या माणसांची पोटं उघडून शिवणाऱ्याला जागच्या जागी पडलेला बॉल मारणं म्हणजे डाव्या हातचा मळ! पहिल्या दिवशी त्यांनी वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्या दिवशी बुटांना. आज उन्हाची पाळी होती. मागे बाकावर दोन आजोबा त्यांचं आटपायची वाट पाहत बसले होते. त्यातल्या एकाने आता डबा उघडून खायला सुरुवात केली होती.

चौथा फटका लागला. बॉल झोकात उडाला आणि तळ्यात गेला.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी नव्हतं. ज्युनिअर नाही, वॉर्डबॉय नाही, सिस्टर नाही. मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं.

"लिही चार. चुकलो."

"पाच. तळ्याचा दंड वेगळा," ती म्हणाली आणि एकदम थांबली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. "काय म्हणालात? परत म्हणा बरं."

"आता लाडात येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. सगळं सुरळीत पार पडलं. टाके घालायची वेळ आली. रक्त टिपायला पोटात ठेवलेले कापडी मॉप सिस्टरने मोजले. पुन्हा मोजले.

"सर, एक कमी आहे."

थिएटरात सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. साहेब सिस्टरला पाढे येतात का विचारणार, मग न शोधताच टाक्यांची सुई मागणार.

साहेबांनी तोंड उघडलंही. पण कालची शोभा अजून ताजी होती. ज्याला भर उन्हात समोरचा पांढरा बॉल लागत नाही, त्याने कोणत्या तोंडाने कुणाला पाढे विचारायचे?

"माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "थांबा, बघतो."

मॉप सापडला. आतड्यांच्या मागे, रक्ताने भिजून त्यांच्याच रंगाचा झालेला. कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

साहेब हात धूत होते तेव्हा सिस्टर मागे येऊन उभी राहिली.

"सर, एक सांगायचंय. सहा महिन्यांपूर्वी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं ऑपरेशन केलं ना, तेव्हाही एक मॉप कमी भरला होता."

साहेबांनी नळ बंद केला.

"मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, सिस्टर, आधी मोजायला शिका. सगळे हसले. मग मी कागदावर पूर्ण आहेत असं लिहून टाकलं. सहा महिने झाले, मला झोप नाही."

इतके दिवस गप्प का बसलात, हा प्रश्न साहेबांच्या ओठांवर आला. उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते तिथेच स्टुलावर बसले.

त्या बाई दोनदा पोट धरून आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला तर साहेबांनी ज्युनिअर मुलांसमोर निदान केलं होतं, "दुखणं पोटात नाही मावशी, तुमच्या डोक्यात आहे." मुलं खो खो हसली होती. साहेबांनाही आपला विनोद आवडला होता.

"फाईल काढा," ते म्हणाले. "आणि सिस्टर, तुम्ही बोललात ते बरं केलंत."

ज्युनिअर फोन लावायला पुढे झाला. साहेबांनी रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"डॉक्टर? तुम्ही स्वतः?" बाई घाबरल्या. "मी आता काही तक्रार करत नाही हो. दुखतं, पण सोसते."

"मावशी," साहेब म्हणाले, "तुमच्या डोक्यात काही नव्हतं. हवा माझ्या डोक्यात होती. आजच्या आज या, मी दारात उभा आहे."