अकबरभाईंच्या घराचे गुण

"मयताच्या महिन्यातसुद्धा तुमच्या घराचा एक गुण कमी झाला नाही, मॅडम," शैलेश कौतुकाने म्हणाला. "अख्ख्या इमारतीत असं दुसरं घर नाही."

शैलेश घरमालकाचा मॅनेजर, मूळचा पुण्याचा. आखातातल्या फिंतास गावच्या त्या इमारतीत भाडेकरूंना गुण होते. दारात किती माणसं आली, कोण मुक्कामाला राहिलं, शेजाऱ्यांनी काय तक्रार केली, सगळं मालकाचं ॲप टिपून घेई. गुण घसरले की भाडेकरार पुढे चालत नसे. समोरच्या कुटुंबाला तर बाळंतपणाला आलेल्या पाहुण्यांपायी घर सोडावं लागलं होतं.

आता ते ॲप बंद झालं होतं. बनवणारी कंपनी युरोपातली. माणसाच्या वागण्याला असे गुण लावून त्याची अडवणूक करायला तिकडच्या कायद्याने मनाई केली, आणि कंपनीने ते सगळीकडूनच काढून घेतलं. शैलेशने अकबरभाईंचा करार त्यांच्या मुलीच्या, इक्राच्या नावावर केला. मग वडिलांच्या गुणांचा दाखला छापून देऊ का, असं विचारलं. पुढेमागे दुसरीकडे घर बघायचं झालं तर उपयोगी पडेल.

"नको," इक्रा म्हणाली. "या गुणांपायी माझ्या अब्बांच्या मयताला घरी कुणी आलं नाही."

ते खरंच होतं. पूर्वी दर जुम्म्याला अब्बांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. रत्नागिरीहून नवा आलेला पोरगा नोकरी लागेपर्यंत तिथेच पथारी टाकायचा. ॲप आलं आणि अब्बांनी दार लावून घेतलं. सख्ख्या भावाला, सर्फराजचाचांनासुद्धा ते खाली फाटकापाशीच भेटू लागले. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, आपली माणसं डबे आणतात. अम्मी आधीच गेलेली. इक्राने तिसऱ्या दिवशी स्वतःच खिचडी टाकली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. चाचांनी दफन आटोपल्यावर तिला फाटकाशी सोडलं होतं. ते वर आले नव्हते.

शैलेशच्या ऑफिसमधून ती तडक राई नावाच्या भागात गेली. तिथे चाचांचं गॅरेज होतं. भाऊ गेला आणि तुम्हाला जिना चढवला नाही, गावचे एवढे लोक, एकालाही अब्बांचं मीठ आठवलं नाही, असं सगळं ती एका दमात बोलली. आवाज मात्र चढवला नाही. चाचांनी फडक्याने हात पुसत सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या खोलीचं दार उघडलं.

आत भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया होत्या. फळीवर कुराणाचे पारे, वाटून वाचायचे सुटे भाग, रचून ठेवलेले. कोपऱ्यात मोठी देग घासून पालथी घातलेली. अब्बांच्या नावाने अख्खं कुराण वाचून पुरं करायचं, ते कुराणखतम इथेच झालं होतं, चाळीसाव्या दिवसाचा विधीही इथेच. फाहाहील, मंगाफ, सालमिया, सगळीकडून माणसं आली होती. खोलीत मावली नाहीत तेव्हा गाड्या बाहेर काढून गॅरेजमध्ये बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बापानंच कसम घातलीन. हॉस्पिटलात. म्हणाला, करार पोरीच्या नावावर होईपर्यंत कुणी माझ्या दारात जायचं नाय. आणि तिला कळू देऊ नका. हेकट हाय, घरच सोडून देईल."

इक्रा चटईच्या कडेवर बसली. तिने करार झाल्याचं सांगितलं, ॲप गेल्याचं सांगितलं, कायद्याचंही सांगितलं. चाचांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग दारात जमलेल्या गॅरेजच्या कारागिरांकडे बघितलं. त्यांनी हातातली कामं केव्हाच थांबवली होती.

"मग आता रडायला आलो तर चालेल ना गो?"