उन्हाळ्याचं भाडं

तांब्याचं घंगाळ डोक्यावर घेऊन हिलाल बाहेर पडला आणि ओट्यावर बसलेल्या तानुबाईच्या तावडीत सापडला.

"कोठे चालना रे?"

"बजारमा, हाई इकाले. भाडं देनं शे ना, अक्का."

त्या साली कापसाचा भाव पार कोसळला होता. दोंडाईच्यातलं सरकी काढायचं जिन दोन महिने आधीच बंद पडलं आणि गावाकडचं वावर विकून इथं आलेल्या हिलालची मजुरीही बंद झाली. तरी मागच्या खोलीचं भाडं एक तारखेला तानुबाईच्या हातावर ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. म्हातारीची चूल त्या भाड्यावरच पेटायची. मुलगा अभिमन तीन वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही. आणि बाई अशी मानी, की शेजारणीनं वाटीभर वरण दिलं तर वाटीत मूठभर दाणे घालूनच ती परत करायची. फुकटचं तिला पचत नसे.

दुसऱ्याला फुकट द्यायला मात्र हात भलताच सैल.

"ठेव ते खाले," ती कडाडली. "मी मांगं का भाडं?"

"पन अक्का..."

"भांडा इकीसन भाडं देशी, मंग पोरेसले काय खावाडशी? बठ्ठा उन्हाया भाडं नको माले."

"मंग तू काय खाशी?"

"मनं मी देखी लिसू. तू ऱ्हाय गुमान. मना घरमाईन तुले कोन काढी?"

निम्मं तरी घे, म्हणून हिलालनं हात जोडले. म्हातारी ऐकेना. उलट आतून सूपभर ज्वारी आणून तिनं त्याच्या घंगाळात ओतली. तिच्या कोठीत आता काय उरलं असेल, ते हिलालला ठाऊक होतं. त्याचा जीव कळवळला. इतकी माया आणि इतका हट्ट देवानं एकाच बाईत का भरावा!

तो खोलीत परतला. बायको सुंदरबाई दाराआडून सगळं ऐकत होती. तिनं दार लोटून घेतलं.

"आखो कितला दिन लपाडशात?" ती कुजबुजली. "सांगी टाका ना तिले."

"सांगं ते ती आजच गठुडं बांधी."

"तरी बी..."

"काय सांगू?" हिलाल म्हणाला. "अक्का, तुना अभिमननी मुंबईले जावाना पहिले हाई घर माले इकी टाकं, आसं सांगू?"